उत्तरं न देणाऱ्या मॅडम

शिवरंजनी मॅडमबद्दल चांगलं बोलायचं असं काही मी ठरवलेलं नाही. त्या माझ्याबद्दल कधी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. आमची मैत्री वगैरे नव्हती. त्या गणिताच्या, मी भौतिकशास्त्राचा. स्टाफरूममध्ये टेबलं शेजारी शेजारी लागली होती, एवढाच काय तो संबंध. पण त्यांच्या बाबतीत आमच्या कॉलेजात जे झालं ते गावात भलतंच सांगितलं जातं आणि ते ऐकलं की माझं टाळकं सरकतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नळदुर्ग मागं टाकून हैदराबादच्या दिशेनं निघालात की पुढं मुरुमकडं जाणारा फाटा लागतो, त्या बाजूला कुठंतरी आहे असं समजा. निम्मी पोरं शेतकऱ्यांची, निम्मी मोंढ्यातल्या धान्याच्या आडत्यांची. घरी कन्नड, वर्गात मराठी आणि पुस्तकं इंग्रजी. म्हणजे पोरगं एका भाषेत जेवतं, दुसऱ्या भाषेत भांडतं आणि तिसऱ्या भाषेत नापास होतं. मी मूळचा ईटचा, भूमकडचा. इथं सगळी नोकरी काढली, तरी मला ऐकू जाऊ नये असं काही असलं की अजून सगळे कन्नडमध्ये शिरतात. शिव्या तेवढ्या मी शिकून घेतल्या आहेत.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, जसं काही हे माणूस गेल्या वर्षी इथं शिकवतच नव्हतं. त्यांना परत घ्यायचं की नाही हे गणित विभागाचे प्रमुख उमाशंकर सर जो शेरा लिहितील त्यावर ठरायचं. नवरा सोलापूरला खाजगी नोकरीत, आणि मॅडम मुरुमला वडिलांपाशी, कारण वडील महालिंगप्पा अंथरुणाला खिळलेले. नोकरीची गरज होती. गरज असलेल्या माणसानं चार शब्द गोड बोलावेत की नाही? ते त्यांना जमायचं नाही. उंच, काटकुळ्या, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्या आहेत. बहुतेक वेळा तसं खरंच असायचं.

उमाशंकर सरांची शिकवण्याची रीत सोपी. वर्गात यायचं, खुर्चीत बसायचं आणि “लिहा” म्हणायचं. व्याख्या, प्रमेय, उदाहरण, उत्तर. पोरं माना खाली घालून लिहायची, परीक्षेत तेच यायचं, पोरं तेच उतरवायची. मधेच कुणी शंका काढली तर सर म्हणायचे, “हे पुढं येईल.” ते पुढं कधी आलं नाही. सर खूश, पोरं खूश, निकाल झकास. पोरांना कलनशास्त्र येत नव्हतं एवढंच. माझ्या तासाला मी विचारायचो, क्षणाचा वेग म्हणजे काय रे? की लगेच सूत्र म्हणून दाखवायची. बरं, एसटी फाट्यावर थांबायला लागली की तिच्या वेगाचं काय होतं? की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे.

मॅडमना इंटरनेटवर कुठल्याशा परदेशी प्राध्यापकांनी फुकट ठेवलेले कागद सापडले. कलनशास्त्र पोरांनी नुसतं ऐकू नये, चौघाचौघांनी मिळून, हातानं करत, एकमेकांशी वाद घालत शिकावं, म्हणून केलेले ते सरावाचे कागद. वापरा, बदला, वाटा, पैसे नकोत. मॅडमनी आधी ते जसेच्या तसे मराठीत आणले. त्यात वितळणारा बर्फाचा गोळा होता. आमच्या पोरांनी बर्फ बघितलेला तो रसवंतीवर, फडक्यात गुंडाळून फोडलेला; तो गोळा कुठून होणार! पहिला तास पार फसला. मग मॅडमनी एकेक कागद नव्यानं लिहिला. शेततळं भरतंय, एसटीला ब्रेक लागलाय, मोंढ्यात तुरीची रास पडतेय. वर गोष्ट, खाली प्रश्न, आणि शेवटी एकच ओळ: तुमचं उत्तर बरोबर आहे हे तुम्ही कसं ओळखाल? उत्तर मात्र कुठंच छापलेलं नाही. असा अख्ख्या वर्षाचा गठ्ठा त्यांनी एका साइटवर ठेवून दिला आणि वर लिहिलं, कुणीही वापरा, बदला, छापा, वाटा. फक्त उत्तरं मागू नका.

लोक नेमकी तीच मागायचे. कुठून कुठून प्राध्यापकांचे फोन यायचे. “मॅडम, फारच सुंदर उपक्रम. उत्तरं तेवढी पाठवता का?” मॅडम माझ्यासमोर म्हणायच्या, “तुम्ही गणिताचेच ना? मग सोडवा की.” आणि फोन बंद.

मी एकदा म्हणालो, “अहो, माणूस आपणहून कौतुक करतोय. जरा नीट बोलायला काय जातं तुमचं?”

“कौतुक नकोय मला, सर. उत्तर हातात असलं की मास्तर पोराचं ऐकतच नाही. पोरगं काय म्हणतंय त्याच्याकडं कान नसतो, ते उत्तराला जुळतंय का एवढंच बघतो.” एवढं बोलून त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं पाठ केली. अशा होत्या.

त्यांचा वर्ग म्हणजे कालवा. बाकं भिंतीला सरकवलेली. मागची अख्खी भिंत मॅडमनी सुट्टीच्या दिवशी स्वतः उभं राहून काळ्या रंगानं रंगवली होती. पोरं तिच्यावर लिहायची, एकमेकांना ढकलायची, तावातावानं बोलायची. मॅडम मधून हिंडायच्या. “मॅडम, हे बरोबर आहे का?” असं कुणी विचारलं की, “मला काय विचारतोस? त्या गटाला पटवून दे.” चुकलेलं पुसू द्यायच्या नाहीत. “राहू दे ते. तसं का वाटलं ते शेजारी लिही.” शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या. उमाशंकर सर एकदा दारात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, “ही वर्गाची भिंत आहे का चुलीमागची?” मॅडमनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एवढा माज तासिकावाल्या बाईला शोभत नाही, असं सर दिवसभर सांगत सुटले.

तुम्हाला वाटेल, पोरं तरी मॅडमच्या बाजूनं असतील. अजिबात नाही. पोरं उखडली होती. आयतं लिहून घ्यायची सवय लागलेल्या पोराला तूच विचार कर म्हटलं की त्याला तो अन्याय वाटतो. बसवेश नावाचा एका आडत्याचा मुलगा होता, कायम पहिल्या बाकावर, अक्षर मोत्यासारखं. त्यानं प्राचार्यांकडं अर्ज दिला की मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात, आणि उत्तर विचारलं की अंगावर येतात. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या.

त्यात मल्लम्माचीही सही होती. मल्लम्मा सीमेलगतच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. भाऊ कडक. एक जरी विषय राहिला तरी कॉलेज बंद, असं त्यानं प्रवेश घेतानाच बजावलेलं. पोरगी हुशार की नाही ते मला सांगता यायचं नाही, पण तोंडाळ होती. भर वर्गात मॅडमना म्हणाली होती, “तुमाला येत नसंल तर तसं सांगा की मॅडम.”

“येत नाही असं समज,” मॅडम म्हणाल्या. “आता काय करशील?”

पोरगी धुमसत भिंतीकडं गेली आणि खडू मोडेस्तोवर लिहीत राहिली. मॅडमना तेच हवं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दोघीही सारख्याच उद्धट वाटल्या होत्या.

त्या वर्षीचा शेरा काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं. उमाशंकर सर चहा पिता पिता तो म्हणूनही दाखवायचे. “अध्यापन असमाधानकारक.” पण तेवढ्यात कॉलेजच्या मूल्यांकनाला कमिटी येणार असं पत्र आलं, आणि कमिटीला विद्यार्थी स्वतः कृती करून शिकतायत असा एक वर्ग बघायचा होता. प्राचार्यांनी सगळं कॉलेज पालथं घातलं. तसा वर्ग एकच, चुलीमागच्या भिंतीचा.

मग काय विचारता! कालपर्यंत जो कालवा होता तो एका दिवसात कॉलेजचा अभिनव उपक्रम झाला. मॅडमच्या कागदांवर कॉलेजचं बोधचिन्ह चढलं, खाली संकल्पना म्हणून उमाशंकर सरांचं नाव. मॅडमचं कुठंच नाही. मी चिडून त्यांना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, “कागद फुकट आहे, सर. नावाचं काय लोणचं घालायचंय?” आणि कमिटीसमोर तास घेणार कोण, तर तेही उमाशंकर सरच. तासिकावाल्या बाईला पाहुण्यांपुढं कसं उभं करायचं? त्या दिवशी मॅडमनी लायब्ररीत बसून राहावं असं ठरलं.

सरांनी तुरीच्या राशीचा कागद निवडला. हमाल एकाच जागी, एकाच चालीनं पोती ओततोय. रास गुडघ्याएवढी असताना तिची उंची ज्या वेगानं वाढते, त्याच वेगानं ती कमरेएवढी झाल्यावरही वाढेल का? एवढाच प्रश्न. आणि मग सुरू झाली तालीम. आमच्याकडं गॅदरिंग असो, उद्घाटन असो, पाहुणे येणार म्हटलं की पाठ करून घ्यायचं हा रिवाज आहे. पण वर्गातली चर्चा पाठ करून घेतलेली मी पहिल्यांदा बघितली. कुणी काय म्हणायचं, कुणी हरकत घ्यायची, कुणी मान डोलवायची, सगळं सरांनी लिहून दिलं. चुकायचं कुणी हेसुद्धा ठरलं. बसवेश बरोबर असणार, मल्लम्मा चुकणार. ती चुकणार, बसवेश तिला सुधारणार, आणि तिनं म्हणायचं, “अरे हो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद, बसवेश.” हे वाक्य त्या पोरीच्या तोंडून कसं निघणार होतं कुणास ठाऊक.

आता कागदावर उत्तर नव्हतं, म्हणून ते सरांनी स्वतः काढलं. मॅडम दोन टेबलं पलीकडं बसलेल्या. नुसतं विचारायचं होतं. पण कायम नोकरीतला विभागप्रमुख तासिकावाल्या बाईला उत्तर विचारणार? त्यापेक्षा त्यांनी जीव दिला असता. आणि गडी चुकला. रास वाढते ती नुसती वर जात नाही, ती पसरते. उतार तोच राहतो आणि बूड रुंदावत जातं, त्यामुळं पोती त्याच चालीनं पडली तरी उंची वाढायचा वेग मंदावतो. सरांनी बूड पहिल्यापासून तेवढंच धरलं. त्यांची रास भिंत बांधल्यासारखी एका वेगानं सरळ वर गेली. तेच त्यांनी बसवेशला बरोबर उत्तर म्हणून दिलं, आणि जे खरं होतं ते मल्लम्माला चूक म्हणून पाठ करायला लावलं.

कमिटी यायच्या आधी एकदा मल्लम्मा स्टाफरूममध्ये आली. मी तिथंच होतो.

“मॅडम, सरांनी मला चुकायला नेमलंय.”

“मग?”

“पर मी म्हणायलेय तेच बरोबर हाय, असं वाटायलंय मला.”

“वाटतंय कशावरून?”

“रास मोठी झाल्यावर वरनं पोतं वतलं तरी लई फरक पडत न्हाय. खरं हाय का न्हाय? सांगा की.”

“मी नाही सांगणार. तपासून बघ.”

“कशानं तपासू?”

“घरात ज्वारी नाही का?”

पोरीनं दार आपटलं आणि गेली. मला तोवर सगळं कळून चुकलं होतं. मी म्हणालो, “मॅडम, उमाशंकर सरांनी उलटं धरलंय. जाऊन सांगा. कमिटीपुढं शोभा झाली तर खापर तुमच्यावर फुटेल.”

“त्यांनी विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं?”

“नाही.”

असा राग आला मला! ही तत्त्वाची बाई आहे की नुसती दुष्ट, तेच कळेना. मीच उठून उमाशंकर सरांकडं गेलो. म्हटलं, सर, त्या राशीचं जरा पुन्हा बघा, बूड पसरतं का ते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुम्ही तुमचं फिजिक्स बघा.” मग म्हटलं, मरा.

कमिटी आली. हार, शाली, फोटो झाले. वर्गात तिघं खुर्च्यांवर बसले, मागं प्राचार्य, त्यांच्या मागं आम्ही. उमाशंकर सर नव्या सफारीत. पोरं चारचारच्या गटात, इस्त्री केल्यासारखी. चर्चा सुरू झाली. सगळे छापील मराठीत बोलत होते, एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. मल्लम्मानं आपलं वाक्य म्हटलं, की राशीची उंची वाढण्याचा वेग मंदावत जाईल. बसवेश उठला.

“नाही मल्लम्मा, तू चुकत आहेस. पोती एकाच वेगाने पडत असल्यामुळे उंचीही एकाच वेगाने वाढेल.”

आता मल्लम्मानं धन्यवाद म्हणायचं होतं. सर खाकरले. मागच्या पोरीनं तिला कोपरानं ढोसलं.

“म्हण की,” सर दातओठ खात पुटपुटले.

“न्हाय म्हणत.” मल्लम्मानं मान वर केली. “सर, मला चुकायला नेमलं व्हतं, पर मी चुकलेच न्हाय. मी घरी परातीत ज्वारी वतून बघितली. वाटीवर वाटी. पयल्या वाट्यांला उंची झपाझपा वाढती. मागनं वाटी वतली तर नुसतीच पसरती.”

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र पोटातून खूश झालो, खोटं कशाला बोलू!

“बस खाली,” सर म्हणाले.

पण कमिटीतल्या एक बाई पुढं सरकून बसल्या होत्या. “बोलू द्या तिला,” त्या म्हणाल्या.

मल्लम्मा कुठली थांबते! ती बसवेशकडं वळली. “तुझ्या आडतीवर रोज रास पडती. बघितलंस का न्हाय कवा? सकाळी पयली पोती वतली की रास वर चढती. दुपारी हमाल पोत्यावर पोती वततंय, तवा काय व्हतंय?”

बसवेशचं पाठ केलेलं संपलं होतं. पण पोरगं आडत्याचं, जन्मापासून रास बघितलेलं. तो आपल्या बोलीवर आला. “पसरती,” तो म्हणाला. “व्हय की. पार पोत्यांच्या थप्पीला जाऊन भिडती.” आणि तो सरळ काळ्या भिंतीकडं गेला, तालमीप्रमाणं लिहून ठेवलेलं सरांचं सुंदर उत्तर हातानं पुसलं आणि नव्यानं मांडायला लागला. त्याला पहिल्याच ओळीत कुणीतरी अडवलं. मग दुसरा गट उठला. कन्नड, मराठी, खडूची धूळ, नुसता कालवा. कुणी पाठ केलेलं एक अक्षर बोलेना. कमिटीतल्या बाई उठून भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. उमाशंकर सर हातात डस्टर धरून कोपऱ्यात, त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

शेवटी बाईंनी विचारलं, “हे कागद कुणी तयार केले?”

“शिवरंजनी मॅडमनी,” बसवेश म्हणाला. ज्यानं तक्रारीचा अर्ज लिहिला होता, तोच.

“त्या कुठं आहेत?”

“रजेवर आहेत,” प्राचार्य म्हणाले. मॅडम दोन खोल्या पलीकडं लायब्ररीत बसलेल्या.

मी धावत त्यांच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आज तरी हसतील. त्यांनी विचारलं, “बसवेशनं ते आधीचं पुसून टाकलं?”

“हो.”

“पुसायला नको होतं,” म्हणाल्या, आणि परत पुस्तकात डोकं घातलं. यांच्यापुढं कपाळ फोडून घ्यावं असं मला वाटलं.

कॉलेजला दर्जा चांगला मिळाला. त्यामुळं प्राचार्य निवळले, पण उमाशंकर सर पेटलेलेच होते. बाईनं मुद्दाम उत्तर दडवलं आणि पोरीला फितवून मला तोंडघशी पाडलं, हे ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते. शेरा लिहून झाला. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून एक मार्ग काढून दिला. सगळ्या कागदांची उत्तरं लिहून द्या, कॉलेज त्याचं पुस्तक काढेल, उमाशंकर सरांची माफी मागा, जूनमध्ये तुम्हाला ठेवून घेऊ. मॅडम नाही म्हणाल्या. विचार करते असंसुद्धा नाही.

मी त्यांच्यावर ओरडलो. “अहो, घरी वडील असे पडून आहेत. चार उत्तरं लिहून दिली तर आभाळ कोसळणार आहे का? कुणासाठी हा हट्ट?”

“सुम्मनिर्री, सर,” त्या म्हणाल्या. गप्प बसा. एवढं कन्नड मला येतं. मी गप्प बसलो, आणि बसलो ते चांगला आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

मग एक दिवस उमाशंकर सर स्टाफरूममध्ये चहा ढवळत सहज म्हणाले, “त्या मल्लम्माचे अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत. वर्गात शिस्त नाही, वर्तणूक नाही. एवढा एक विषय राहिला म्हणजे कळेल, कुणापुढं बोलतोय ते.” मल्लम्माचा भाऊ सगळ्यांना माहीत होता. विषय राहिला की पोरगी घरी बसणार, एवढं सरळ होतं ते. आणि हा माणूस साखर ढवळत ते ठरवत होता. माझा हात कपाकडं गेला होता, फेकून मारायला. तेवढ्यात मॅडम उठल्या आणि त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“काय पाहिजे तुम्हाला?”

सरांनी मजेत वर बघितलं. “तुम्हाला माहीत आहे.”

“उत्तरं देते. सगळी. तिला तिचे गुण पडले पाहिजेत. जेवढे आहेत तेवढे, एकही जास्त नको.”

“नेमणुकीचं मात्र आता जमायचं नाही हं मॅडम. शेरा गेलाय वर.”

“नेमणूक मागितली मी?”

मग रोज दुपारी मॅडम माझ्या शेजारी बसून उत्तरं लिहायच्या. कागद संपला की उलटा करून ठेवायच्या, जसं काही त्यावर शिवी लिहिली आहे. शेवटच्या दिवशी गठ्ठा सरांच्या टेबलावर टाकला आणि मला म्हणाल्या, “हे कशासाठी दिलं ते कुणाला सांगायचं नाही. तिला तर नाहीच.” जूनमध्ये त्यांना बोलावलं नाही. वडिलांना घेऊन त्या सोलापूरला गेल्या. तिथं एका क्लासमध्ये, दिलेल्या चार पर्यायांतून सोडवल्याशिवाय उत्तर कसं हुडकायचं, ते पोरांना शिकवतात.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर उमाशंकर सरांचा फोटो, शेवटच्या पानांवर उत्तरं. काळी भिंत चुन्यानं रंगवून झाली. आता सर कागद वाटतात, पोरं आधी मागची पानं उघडतात, उत्तर लिहितात आणि मग ते कसं आलं असेल ते जुळवत बसतात. जुळलं नाही तर सोडून देतात. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढी शांतता असते. प्राचार्य म्हणतात, वर्गाला शिस्त आली.

आणि गावात काय बोलतात? मॅडमनी शेवटी उत्तरं विकली. एवढा तोरा मिरवला आणि जाता जाता पैसे घेऊन मोकळ्या झाल्या. हे बोलणाऱ्यांत सगळ्यात वर आवाज मल्लम्माचा. फाट्यावर एसटीची वाट बघत ती मैत्रिणींना तेच सांगत होती. “आमाला घरला जाऊन ज्वारी वतायला लावली, आन् सरांला बसल्या जागी उत्तरं दिली.”

माझं डोकं फिरलं. मॅडमना दिलेला शब्द गेला खड्ड्यात. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, तिचे गुण, तिचा भाऊ, सरांचा चहा, सगळं. ऐकून रडेल असं वाटलं होतं. तिचे डोळे कोरडे, आणि राग आधीपेक्षा दुप्पट.

“मला इचारलं व्हतं का त्यांनी?”

“अगं, तुझं शिक्षण थांबलं असतं...”

“थांबलं असतं का न्हाय, ते माझं मी बघितलं असतं. भावाशी भांडले असते. त्या कमिटीच्या बाईला हुडकून काढलं असतं. परत परीक्षेला बसले असते. काय तरी केलं असतं की न्हाय मी?”

“तुझ्यासाठीच केलं त्यांनी, पोरी.”

“माझ्यासाठी कशाचं, सर? मला जमंल असं त्यांला वाटलंच न्हाय.”

एसटी आली, ती चढून गेली. मला घरी जाववेना. मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि शब्द मोडल्याचं सांगून टाकलं, ती काय म्हणाली तेही. वाटलं, आता माझ्यावर तुटून पडतील. त्या एवढंच म्हणाल्या, “तिचा नंबर द्या.”

मी दिला. मल्लम्मा त्यांचा फोन उचलत नाही.